‘हाश’ आणि ‘हुश्श’ : सुटकेचा श्वास तुमच्या घरात कसा सोडतात?

झोपाळा

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये.

आम्ही बडोद्याचे, चार पिढ्या दांडिया बाजारात. मुलाचं लग्न गेल्या हिवाळ्यात झालं, सून साताऱ्याची. दोन आठवड्यांपूर्वी घरी सत्यनारायण होता. पन्नासेक माणसं जेवून गेली, शेवटची पंगत उठली, शिऱ्याचं पातेलं भिजत टाकलं आणि मी येऊन झोपाळ्यावर बसले. टेकता टेकता तोंडातून निघालं, "हाऽऽश!" सून ओल्या हातांनी धावत आली. "आई, काय झालं? कुठे लागलं का?" तिला वाटलं, मला कळ आली.

मी म्हटलं, अगं काही नाही, सगळं नीट पार पडलं म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे हुश्श?" मी हो म्हटलं आणि त्याच क्षणी वाटलं, नाही, अगदी तसं नाही.

‘हाश’ गुजरातीतून आमच्या घरात आला हे मला ठाऊक आहे. पण मी ‘हुश्श’सुद्धा म्हणते, अगदी रोज. खंडेराव मार्केटातून भाजीची पिशवी घेऊन तीन जिने चढले की दारात ‘हुश्श’च निघतं. आणि मुलगा रात्रीच्या गाडीने निघाला असला, सकाळी त्याचा ‘पोचलो’ म्हणून फोन आला, की निघतं ‘हाश’. अठ्ठावन्न वर्षांत कधी उलटं झाल्याचं आठवत नाही. मला वाटतं हुश्श शरीराचं आणि हाश मनाचं.

तुमच्याकडे कसं आहे? सुटकेला काय म्हणता, आश्चर्याला काय म्हणता? फक्त ‘तो गुजराती शब्द आहे, सोडून द्या’ असं कुणी सांगू नका. तो माझ्या आईच्या तोंडचा शब्द आहे.

पर्वतीकर

ताई, हुश्श फक्त शरीराचं हे पटलं नाही. आमच्याकडे पुण्यात तर ते मनाचंच जास्त. मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा आम्ही तिघंही खुर्चीवर बसलेले होतो, कुणी जिना चढलेलं नव्हतं, तरी तिघांच्या तोंडून एकदमच हुश्श निघालं.

कोकणी फणस

आमच्या घरात "सुटलो बुवा!" यातला ‘बुवा’ काढला तर सुटल्यासारखं वाटतच नाही.

झोपाळा

@पर्वतीकर, निकालाचं उदाहरण बरोबर आहे. पण वर्षभर अभ्यासाचं ओझं तुम्ही तिघांनी उचललंच होतं ना? ते खाली ठेवलंत, म्हणून हुश्श.

पर्वतीकर

हम्म. हे सुचलं नव्हतं. विचार करतो.

शाळाबाई

झोपाळाताई, मीही बडोद्याचीच. मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून एक जुनी गोष्ट वर आली.

केवलप्रयोगी अव्ययं आपण शाळेत नऊ प्रकारांत शिकवतो. हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, प्रशंसादर्शक, संमतिदर्शक, विरोधदर्शक, तिरस्कारदर्शक, संबोधनदर्शक, मौनदर्शक. फळ्यावर नऊ चौकटी काढायच्या आणि मुलांनी एकेक उद्गार योग्य चौकटीत लिहायचा. वाहवा प्रशंसेत, अरेरे शोकात, छी तिरस्कारात, गप मौनात. सातवीतला एक मुलगा खडू घेऊन फळ्यापाशी आला आणि तसाच उभा राहिला. म्हणाला, "बाई, हुश्श कुठे लिहू?"

मी म्हटलं, हर्षदर्शकात लिही. त्याने लिहिलं. जागेवर जाऊन बसला आणि पुन्हा हात वर केला. "बाई, पण हुश्श म्हणताना हसू येत नाही." तास संपत आला होता, मी पुढे गेले.

त्या मुलाचं म्हणणं खरं होतं. नऊ चौकटींत सुटकेची चौकटच नाही. अहाहा, आहा, वावा हे हर्षाचे उद्गार. त्यांच्यात काहीतरी मिळालेलं असतं. हुश्श म्हणताना हातात काहीच आलेलं नसतं, फक्त काहीतरी टळलेलं किंवा संपलेलं असतं. मी त्याला तेव्हा थांबून उत्तर द्यायला हवं होतं. अजून टोचतं.

सराफ्यातली रात्र

इंदूरहून रामराम. आमच्या घरी तीन भाषा नांदतात, घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि दोस्तांत इंदुरी. ‘भिया’शिवाय आमचं आश्चर्य सुरूच होत नाही. "अरे भिया! गजब!" असं मी ऑफिसात दिवसातून दहादा म्हणतो. पण घराचा उंबरा ओलांडला की ‘अरेच्चा’. ठरवून करत नाही, आपोआप होतं.

एक विचारायचंय. गाडीची किल्ली सगळीकडे शोधली आणि ती खिशातच सापडली, तर हिंदीत "धत् तेरे की!" म्हणतात. माझे वडील म्हणायचे "हात्तिच्या!" हा शब्द आणखी कुणाच्या घरात जिवंत आहे का? माझ्या मुलांना तो ठाऊक नाही.

वैनगंगेकाठी

@सराफ्यातली रात्र, जिवंत आहे भाऊ! आणि मला विचाराल तर या अख्ख्या धाग्यातला तोच खरा शब्द आहे, कारण त्यात आश्चर्य आणि सुटका दोन्ही एका दमात बसतात.

माझ्या बाबांना दोन वर्षांमागे रात्री छातीत दुखायला लागलं. मी आणि भाऊ त्यांना घेऊन निघालो. आई मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन "माय वो, माय वो" इतकंच म्हणत होती. ईसीजी झाला, रक्त घेतलं, चार तास बाकावर बसून काढले. पहाटे डॉक्टर बाहेर आले, म्हणाले हृदय ठणठणीत आहे, पित्त आहे. आई मटकन खाली बसली. भाऊ भिंतीला टेकला. आणि आत खाटेवरून बाबांचा आवाज आला, "हात्तिच्या! एवढंच होय!"

एवढं मोठं संकट त्या एका शब्दाने सुपारीएवढं झालं. आई रडता रडता हसायला लागली. याला आश्चर्यदर्शक म्हणायचं की काय म्हणायचं, ते बाईंनी सांगावं.

शाळाबाई

@वैनगंगेकाठी, सांगते, पण जरा वेळ द्या. बाबांना नमस्कार सांगा.

घडियाळी पोळ

मी जन्माने बडोद्याचा, धंद्याने कापडवाला. गिऱ्हाईक दोन्ही भाषांतलं. त्यामुळे आश्चर्याचे उद्गार मी दिवसभर ऐकतो, मुख्यतः किंमत सांगितल्यावर.

मराठी बाई पैठणीची किंमत ऐकून म्हणते "अबब!" गुजराती बेन म्हणते "अधधध!" दोन्ही शब्दांचं काम एकच. आकडा मोठा, आकार मोठा, गर्दी मोठी. चांगलं की वाईट याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पुराचं पाणी बघूनही अधधध आणि लग्नातली रोषणाई बघूनही अधधध.

आणखी एक बघा. अबब, अधधध, अगागागा, दोन्ही भाषांनी शेवटचं अक्षर परत परत म्हटलंय. ढीग एका अक्षरात मावत नाही म्हणून जीभ तिथेच थांबून मोजत बसते असं मला वाटतं. किल्ली खिशात सापडली तर कुणी ‘अबब’ म्हणणार नाही, तिथे ‘अरेच्चा’च.

कोकणी फणस

किल्ल्यांचा जुडगा भरलेल्या बादलीएवढा असेल तर म्हणेन की!

घडियाळी पोळ

तर मग दुकानात या, एक अधधध सूट तुमच्यासाठी राखून ठेवतो.

लष्करकर

ग्वाल्हेरहून लिहिते आहे, लष्कर भागातून. आमच्या शेजारणी ‘हाय दैया’ म्हणतात आणि माझी आजी त्यांच्याबरोबर साठ वर्षं राहूनही ‘अगबाई’च म्हणत आली. भाज्यांची नावं हिंदी झाली, महिने हिंदी झाले, होकारसुद्धा ‘हओ’ झाला, पण दचकली की अगबाई. दचकताना माणूस शब्द निवडत नाही, म्हणून असेल. जो सगळ्यात आधी कानावर पडला तोच निघतो.

पण त्यातही बायकांचे शब्द वेगळे, पुरुषांचे वेगळे. अय्या, इश्श, अगबाई, अगं बया हे आमचे. अरेच्चा, आयला, च्यायला त्यांचे. बापरे दोघांचा. आता माझ्या भाच्या ‘आयला’ बिनदिक्कत म्हणतात, त्याचं मला काही नाही. पण अय्या मात्र कुणीच म्हणत नाही, त्याचं वाईट वाटतं. काहीतरी छान अचानक समोर आलं, आणि ते बघून आपण लहान झालो, असा तो शब्द आहे. त्याच्या जागी दुसरा शब्द आलाच नाही.

चिवचिव

मी २१ वर्षांची, बडोद्याची. आम्ही ‘ओ माय गॉड’ म्हणतो आणि ‘शिट’ म्हणतो हे खरं आहे. माझ्या आजीला ‘शिट’चा राग येतो.

पण लष्करकर मावशी, एक सांगू? मागच्या महिन्यात आमच्या जिन्याखाली कुत्रीने पिल्लं दिली. मी पोतं बाजूला केलं तर आत पाच पिल्लं, डोळे मिटलेले, एकमेकांवर चढलेली, आणि एकाचं नाक गुलाबी. तेव्हा मी "अय्या!" म्हटलं. माझ्या मागे आजी उभी होती. ती पिल्लांकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिली.

लष्करकर

@चिवचिव, बाळा, तुझं हे आत्ता माझ्या आईला वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं.

मोडीवाचक

थोडं विषयांतर. मी जुनी मोडी कागदपत्रं वाचतो. मोडीत विरामचिन्हं नाहीत. उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, स्वल्पविराम काहीच नाही, शब्दही एकमेकांना चिकटून सलग चालतात. आज आपण जी चिन्हं वापरतो ती एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वळणावरून मराठीत रुळली आणि त्यात इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा मोठा हात होता.

तोवर आश्चर्य झालं हे कागदावर दाखवायचं तर शब्दानेच दाखवावं लागे. उद्गारचिन्हाचा दांडा नसतानाही ‘अबब’ मोठ्यानेच वाचला जातो, हे करून बघा. ‘हुश्श’मधला जोड श तर स्वतःच एक चिन्ह आहे. ‘हुश’ लिहिलं तर आपण कावळा हाकलतोय.

पर्वतीकर

मग ‘हाश’ला जोड श का नाही? झोपाळाताईंनी ‘हाऽऽश’ लिहिलंय. म्हणजे लांबण आ मध्ये आहे.

घडियाळी पोळ

अगदी तसंच. हाश म्हणताना तोंड आधी पूर्ण उघडतं, मग मिटतं. हुश्श म्हणताना ओठ आधीच चंबू झालेले असतात, वाफ सोडल्यासारखे. आणि गुजरातीत त्याचं नामही होतं. "मने हाश थई," म्हणजे मला हायसं वाटलं. सुटकेचा निःश्वास म्हणजे ‘हाशकारो’.

मोडीवाचक

हाशकारो! मग आपला ‘सुस्कारा’ त्याचा सख्खा भाऊ दिसतो. हुंकार, फूत्कार, होकार, नकार यांच्यासारखाच आधी आवाज आणि मागे ‘कार’. गुजरातीने ‘हाश’ आवाजाला नाम केलं, मराठीने ‘सुस्’ला. आणि घडियाळी पोळ म्हणतात ते ‘हायसं वाटलं’ही बघा. इथे तर आपण उद्गाराला ‘सं’ लावून वाक्यात बसवलाय.

श्वासविद्या

मी फिजिओथेरपिस्ट आहे, श्वासाच्या रुग्णांबरोबर काम करते, म्हणून राहवत नाही.

माणूस नकळत तासाला साधारण १२ वेळा उसासा टाकतो. दर पाच मिनिटांनी एक. त्याचं दुःखाशी किंवा सुटकेशी काही नातं नसतं, ती फुफ्फुसाची गरज असते. फुफ्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात, त्यांतले काही साध्या श्वासात मिटून जातात. उसाशात नेहमीच्या सुमारे दुप्पट हवा आत जाते आणि मिटलेले कोश पुन्हा उघडतात. धोका टळल्यावर आपण जो लांब श्वास सोडतो, त्याचं मूळ याच यंत्रणेत आहे.

माझ्या रुग्णांना मी शिकवताना सांगते, "आत घ्या, थांबा, आता हुश्श करा." त्यांना ‘श्वास बाहेर सोडा’ म्हटलं तर ते फुंकर मारतात. ‘हुश्श करा’ म्हटलं की खांदे आपोआप खाली येतात. एक गुजराती आजोबा आहेत, त्यांना मी ‘हाश करो’ म्हणते. त्यांचे खांदे खाली येतातच, पण डोळेही मिटतात. झोपाळाताईंच्या म्हणण्यात काहीतरी आहे असं मला त्यावरून वाटतं.

आश्चर्यात नेमकं उलट होतं. तिथे आधी श्वास आत जातो. आँ, अगबाई, अय्या, अरेच्चा, अबब... बहुतेक सगळे अ किंवा आ ने सुरू होतात, कारण तोंड आधीच उघडं पडलेलं असतं.

सराफ्यातली रात्र

वा! ‘हुश्श करा’ हे आजच आईला शिकवतो, तिला दम लागतो.

श्वासविद्या

@सराफ्यातली रात्र, दम लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, हुश्श त्यानंतर.

विश्वामित्रीकाठ

बरेच दिवस या धाग्यावर फक्त वाचत होतो. आज लिहितो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या इमारतीत पाणी शिरलं. आम्ही पहिल्या मजल्यावर. खालून वर यायला अकरा पायऱ्या. मी, आई, बायको, दोन मुलं आणि तळमजल्यावरचं गुजराती कुटुंब, त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आजींसकट (त्यांना सगळे ‘बा’ म्हणतात), सगळे आमच्या दोन खोल्यांत. वीज गेलेली.

पहिल्या संध्याकाळी सगळ्यांच्या तोंडी उद्गार होते. पाणी फाटकात आलं, बापरे. स्कूटर बुडाली, अरे देवा. समोरच्या रस्त्यावरून मगर गेल्याचं कुणी ओरडलं, तेव्हा मुलं "कुठंय, कुठंय" करत खिडकीशी धावली आणि बा म्हणाल्या "हाय हाय". विश्वामित्रीत मगरी आहेत हे आम्हाला जन्मापासून ठाऊक, पण आपल्या गल्लीत मगर म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

मग पाणी पायऱ्या चढायला लागलं. मी दर तासाला टॉर्च घेऊन जिन्यात जायचो आणि येऊन सांगायचो, चौथी गेली, पाचवी गेली. सहावी गेली तेव्हा कुणीच काही बोललं नाही. ना बापरे, ना हाय हाय. शाळाबाईंच्या नऊ प्रकारांपैकी एकही नाही. तेव्हा मला कळलं की आश्चर्याचे उद्गार संकटाच्या दारापर्यंतच साथ देतात. खरी भीती सुरू झाली की घर गप्प होतं. बा जपमाळ ओढत होत्या आणि माझी आई मुलांच्या अंगावर पांघरूण ओढत होती, एवढेच दोन आवाज.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मी पुन्हा जिन्यात गेलो. टॉर्च मारला तर सहावी पायरी दिसत होती. तिच्यावर चिखलाचा थर, त्यात एक प्लास्टिकची चप्पल उलटी रुतलेली, आणि पाणी तिच्या कडेच्या बोटभर खाली. मी पाच मिनिटं तिथेच थांबलो. खाली जातंय याची खात्री करून घेतली. मग वर येऊन म्हणालो, "सहावी दिसतेय."

बा म्हणाल्या, "हाश." अगदी हळू. माझी आई त्याच क्षणी म्हणाली, "देव पावला." आणि माझ्या तोंडून निघालं हुश्श.

झोपाळाताई, तुमचा फरक मला त्या रात्री दिसला होता, पण शब्दांत आत्ता सापडला. पायऱ्या मी चढउतार करत होतो, म्हणून माझं हुश्श. बा एका जागी बसून वाट बघत होत्या, त्यांच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून त्यांचं हाश.

पर्वतीकर

मी माझा विरोध मागे घेतो.

झोपाळा

विश्वामित्रीकाठ, तुमचं वाचून उठून पाणी प्यायले. आमच्याकडे पाणी आलं नव्हतं, पण बहिणीचा फोन दीड दिवस लागत नव्हता. लागला तेव्हा मीही तेच म्हटलं होतं.

वैनगंगेकाठी

यात मी एक नाजूक गोष्ट घालू का? हर्षाच्या चौकटीचं शाळाबाईंनी लिहिलं म्हणून.

आजोबा गेले तेव्हा ते अकरा महिने अंथरुणाला खिळलेले होते. आजी त्यांचं सगळं करायची, कूस बदलण्यापासून. ते पहाटे गेले. आजीने त्यांचे डोळे मिटले, पाय सरळ केले, आणि भिंतीला टेकून म्हणाली, "सुटले बिचारे." मग जरा वेळाने एक लांब हुश्श. आत्याला ते आवडलं नाही, ती आजीवर चिडली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मलाही ते खुपलं होतं. आता मी स्वतः सासूबाईंचं करते आहे. आजीने त्या हुश्शच्या आत काय काय ठेवलं होतं ते आता कळतं. त्यात आनंदाचा कण नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

लष्करकर

ताई, आजींनी अकरा महिन्यांत तो एकदाच म्हटला असेल.

वैनगंगेकाठी

हो. एकदाच.

शाळाबाई

आता उत्तर देते. वेळ घेतला, कारण मी माझ्या जुन्या वह्या काढून बसले होते.

‘हात्तिच्या’ची मला चौकट सापडली नाही. ‘हुश्श’चीही नाही. आजींचं हुश्श शोकाच्या चौकटीत घातलं तर आजींवर अन्याय होतो आणि हर्षाच्या घातलं तर त्याहून मोठा. आज तो मुलगा समोर आला तर मी सांगेन, खडू घे आणि फळ्यावर दहावी चौकट काढ. नाव तूच ठेव.

आणि बडोद्याविषयी एक सांगायचं राहिलं. सयाजीराव महाराजांनी १९३१ मध्ये राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढवला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’. कचेरीतला एकेक शब्द गुजरातीत काय, मराठीत काय, संस्कृतात, फारसीत काय, असं ओळीने. विद्वानांची मंडळी बसवून, वर्षं घालवून केलेलं काम आहे ते. हाश मात्र कुठल्याही मंडळीने आपल्याकडे आणला नाही. तो एका ओट्यावरून शेजारच्या ओट्यावर आला. कुणाचं तरी बाळंतपण सुखरूप झालं असेल, शेजारीण म्हणाली असेल हाश, आणि आपली बाईही म्हणाली. २०१८ च्या फेब्रुवारीत इथे ९१वं साहित्य संमेलन झालं तेव्हा महाराष्ट्रातून आलेले पाहुणे माझ्याकडे उतरले होते. शेवटच्या दिवशी त्यांना स्टेशनवर गाडीत बसवलं, सामान लावलं आणि मी हाश म्हटलं. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं. पाहुणे गेले म्हणून हाश, असं तर नाही ना वाटलं त्यांना!

चिवचिव

बाई, नाही वाटलं असेल :) पतंगाच्या वेळी आमच्या गच्चीवर पुण्याचा आतेभाऊ होता, त्याने पहिल्याच दिवशी न विचारता "काप्यो छे!" ओरडायला सुरुवात केली. मोठ्याने म्हटलेलं सगळ्यांना कळतं.

घडियाळी पोळ

उत्तरायणात ‘कापला’ म्हणून कुणी ओरडलं तर आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, पतंग परत उडवायला लावतात!

झोपाळा

मंडळी, धागा कुठल्या कुठे गेला, पण मला माझ्या प्रश्नाकडे परत यायचंय, कारण मी एक काम केलं. आठ दिवस स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलं, कोण कधी काय म्हणालं.

माझे हुश्श सतरा. जिना, इस्त्री, पाणी भरणं, बँकेतली रांग. माझे हाश चार. नातवाचा, म्हणजे पुतण्याच्या मुलाचा ताप उतरला. यांचा बी.पी.चा आकडा बरा आला. पाऊस आला. आणि चौथा, सून माहेरी जाऊन सुखरूप परत आली तो. विश्वामित्रीकाठ म्हणाले ते चारही ठिकाणी लागू पडतं. यांतलं काहीच माझ्या हातात नव्हतं. शरीराचं आणि मनाचं असं मी वर लिहिलं होतं, ते आता बदलते. आपण करून संपवलं ते हुश्श, वाट बघून मिळालं ते हाश.

पण सुनेच्या रकान्यात हुश्श दोनच आणि हाश अर्थातच एकही नाही. मला वाटलं ही सुटकेचं काही बोलतच नाही की काय. मग नीट कान दिला. ती प्रत्येक वेळी म्हणते, "चला!" भांडी झाली, "चला!" तिच्या आईचा फोन येऊन गेला, "चला!" माझ्या रिपोर्टाचं पाकीट उघडून वाचलं, सगळं बरं आहे हे बघितलं, पाकीट नीट घडी करून परत ठेवलं आणि म्हणाली, "चला." कुठेही जायचं नसतं. मी इतके महिने ते ऐकत होते आणि मला वाटत होतं, ती पुढच्या कामाला लागते आहे.

कोकणी फणस

अरेच्चा! माझी बायकोही म्हणते. मीही म्हणतो!

शाळाबाई

‘चला’ तर आम्ही क्रियापदात शिकवतो. झोपाळाताई, रिपोर्ट वाचल्यावर ती ‘चला’ म्हणाली, तेव्हा आवाज वर गेला होता की खाली आला होता? जमलं तर ऐकून सांगा.